शिवणीतली माया

मुलामुलींनो, आज वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करायचं. कपाटातून तुमचा एक शर्ट किंवा फ्रॉक काढा आणि तो चक्क उलटा करा. हो, आतली बाजू बाहेर! आता बगलेपासून खाली येणारी शिवण शोधा. सापडली? त्या शिवणीच्या पलीकडे कापडाची एक पट्टी राहिलेली दिसेल. फूटपट्टी घ्या आणि ती किती रुंद आहे ते मोजा बरं.

दुकानातून आणलेला तयार कपडा असेल, तर ही पट्टी बहुधा अगदी अरुंद निघेल. जेमतेम पाव इंच! तिच्या कडेला जाळीसारखा दोरा गुंडाळलेला असेल. त्याला ओव्हरलॉक म्हणतात. पण घरात कुणी शिवलेला कपडा हाती लागला, आजीनं शिवलेलं परकर-पोलकं किंवा मावशीनं शिवलेला झगा, तर तीच पट्टी अर्धा इंच, कधीकधी एक इंचसुद्धा भरेल.

ह्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात काय म्हणतात, ठाऊक आहे? माया! आईच्या प्रेमासाठी आपण जो शब्द वापरतो, अगदी तोच. “आत थोडी माया ठेवा हं,” असं शिंपीदादांना सांगताना तुम्ही आईला ऐकलं असेल. उद्या अंग भरलं, उंची वाढली, तर शिवण उसवायची, मायेतलं कापड बाहेर घ्यायचं आणि पुन्हा टीप मारायची. झाला कपडा मोठा!

आज आपल्याला गप्पा मारायच्या आहेत त्या अशी माया ठेवून घरी कपडे शिवणाऱ्या हौशी माणसांबद्दल.

हौशी म्हणजे कोण? शिंपीदादांचा तो व्यवसाय असतो. गिऱ्हाइकानं सांगितलेल्या तारखेला कपडा तयार ठेवावाच लागतो. हौशी माणसाला कुणी तारीख दिलेली नसते, की कुणी पैसे देणार नसतं. दिवसभर नोकरी, स्वयंपाक, धुणीभांडी, सगळं उरकल्यावर हे माणूस मशीनवरचं झाकण काढतं आणि दिव्याखाली बसून कापड बेतायला घेतं. शेजारच्या काकूंच्या बाळाला झबलं-टोपडं, पुतणीला घेरदार फ्रॉक, स्वतःला ब्लाउज, उशांना अभ्रे. एक संपलं की दुसरं डोक्यात तयार असतं. उरलेल्या तुकड्यांचीही गोधडी होते. जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्यानं शिवलेली ती मऊ गोधडी तुमच्यापैकी कितीजणांनी पांघरली आहे?

तुमच्या आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणची दिवाळी विचारा. पुष्कळ घरांत तेव्हा एकाच ताग्यातलं कापड यायचं आणि सगळ्या भावंडांचे कपडे त्यातून व्हायचे. सगळी भावंडं एका रंगाची, जणू बँडपथकच! तेव्हा चिडचिड व्हायची, पण आज तीच गोष्ट सांगताना आजी कशी हसते ते बघा.

मात्र हे सगळं घरच्या घरी करणं सोपं झालं ते शिवणाच्या मशीनमुळे. त्याआधी राजाचा अंगरखा असो की गरिबाची बंडी, प्रत्येक टाका हातानंच घालावा लागे. फ्रान्समधल्या बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवायला अनेक यंत्रं बसवली. पण झालं काय, की आता आपली रोजीरोटी जाणार म्हणून घाबरलेल्या शिंप्यांच्या जमावानं पुढच्याच वर्षी ती यंत्रं मोडून टाकली. त्यांची भीती खोटी होती असं आपण म्हणू शकत नाही. पोटाचा प्रश्न होता तो.

मग १८४६ साली अमेरिकेत इलायस हाव याला एका यंत्राचं पेटंट मिळालं. त्यातली गंमत ऐका. हातशिवणीच्या सुईचं नेढं कुठं असतं? मागच्या टोकाला. हावच्या मशीनच्या सुईचं नेढं होतं पुढच्या, टोचणाऱ्या टोकाजवळ! तुमच्या घरी मशीन असेल, तर आज जाऊन बघा, अजूनही तसंच आहे. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते. वर येऊ लागली की दोऱ्याचा एक फास मागे राहतो. खालचा आकडा तो फास पकडतो आणि बॉबिनभोवती फिरवून आणतो. वरचा दोरा आणि खालचा दोरा असे एकमेकांत अडकतात. म्हणून तर मशीनची टीप कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि सहज उसवत नाही.

१८५१ मध्ये आयझॅक सिंगर यानं पायानं चालवता येणारं मशीन आणलं. दोन्ही हात कापड धरायला मोकळे झाले. तरी मशीन महाग होतं. तेव्हा सिंगरच्या कंपनीनं १८५६ पासून ते हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली आणि साध्या घरांतही मशीन येऊ लागलं. आपल्या देशात १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं ‘उषा’ मशीन बनवायला घेतलं. पुढे किती मुलींच्या लग्नात हे मशीन भेट म्हणून आलं असेल, त्याची मोजदादच नाही.

आणि एक गोष्ट. यंत्रांनी माणसाच्या हातचं काम काढून घेऊ नये, असं गांधीजी सतत सांगत. पण १९२४ सालच्या एका संभाषणात त्यांनी शिवणाच्या मशीनला मात्र सूट दिली. बायकोला हातानं शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांनी तेव्हा म्हटलं होतं. घराघरात कष्ट हलके करणारं हे यंत्र त्यांना उपयोगी वाटलं.

आता मशीन तर आलं, पण कापड कापायचं कसं? कापड एकदा कातरलं की कातरलं! इथं अमेरिकेतल्याच एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याची युक्ती कामी आली. त्यानं १८६३ पासून कागदाचे नमुने विकायला काढले, तेही वेगवेगळ्या मापांचे. कागद कापडावर ठेवायचा, टाचण्या लावायच्या, कडेनं कातरायचं. शिंप्याचं कौशल्य असं पाकिटातून घरी आलं. आपल्याकडच्या शिवणक्लासात आजही आधी कागदच कापायला लावतात. जुनं वर्तमानपत्र आणि खडू! कागद चुकला तर दुसरा घेता येतो. शिवाय गंमत अशी, की पूर्ण शर्टाची पाठ कापायला अर्ध्या पाठीचाच नमुना लागतो. कापड दुहेरी घडी घालायचं आणि घडीवर नमुन्याची सरळ कड ठेवायची. घडी उलगडली की दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या! गणितात सममिती शिकता ना? हीच ती.

शिवणात शास्त्रही भरपूर आहे बरं का. एक सुती हातरुमाल घ्या. कडेला समांतर धरून ताणा. फारसा ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ताणा. कसा लांबला! कापडात उभे आणि आडवे धागे विणलेले असतात. सरळ ओढलं की धागाच अडून बसतो. तिरकं ओढलं की धाग्यांमधले चौकोन चेपून लांबट होतात. म्हणून गोल गळ्याला लावायची पट्टी नेहमी तिरकी कापतात. ती वळणावर छान बसते, चुण्या पडत नाहीत. तसंच, नवं सुती कापड आधी पाण्यातून काढतात, मगच बेततात. नाही तर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि बाह्या मनगटाच्या वर जातात.

ही हौस संकटाच्या वेळी केवढी उपयोगी पडते, हे इंग्लंडमधल्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धात अनुभवलं. कारखान्यांना सैनिकांच्या कपड्यांचं काम होतं, त्यामुळे १ जून १९४१ पासून तिथं साध्या लोकांच्या कपड्यांवर रेशनिंग आलं. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कुपनं मिळाली, आणि एका लोकरी फ्रॉकलाच ११ कुपनं लागत! वाढत्या वयाच्या मुलांचं काय करायचं? मग घरोघर सुया निघाल्या. वडिलांच्या जुन्या कोटातून मुलाचा कोट, पडद्यातून फ्रॉक, फाटक्या चादरीच्या चांगल्या भागातून बाळाचे कपडे. १९४३ मध्ये सरकारनंच, आहे ते दुरुस्त करून कसं वापरायचं, याची पुस्तिका काढली. हे रेशनिंग १९४९ पर्यंत चाललं.

त्याच्या थोडं आधी, १९३० च्या दशकात, अमेरिकेत मंदीचे दिवस होते. शेतकऱ्यांच्या घरी पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. बायका ती पोती धुऊन त्यांचे मुलांना कपडे शिवत. हे कंपन्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी काय करावं? पोत्यांवर सुंदर फुलं, पानं, नक्षी छापायला सुरुवात केली! म्हणजे वाण्याकडे गेलेली आई पीठ कुठलं चांगलं एवढंच बघत नसे. मुलीच्या फ्रॉकला पुरेल अशी त्याच नक्षीची आणखी पोती आहेत का, हेही बघायची.

ही झाली लांबची गोष्ट. आता आमच्या चौथीच्या वर्गातली ऐका.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा एका मुलाच्या गणवेशाच्या पँटवर खालच्या बाजूला एक गडद पट्टा दिसत होता. बाकीची पँट धुऊन धुऊन फिकी झालेली, आणि तेवढाच पट्टा नव्यासारखा. मागच्या वर्षीची दुमड उसवून पँट लांब केली होती, हे सगळ्यांना कळलं. दोघं-तिघं हसले. “कुणी शिवली रे?” “बाबांनी,” तो हळूच म्हणाला. मग तर हसणं आणखी वाढलं. “बाबा शिवतात? ते काय बाई आहेत?”

मी खडू खाली ठेवला आणि फळ्यावर काहीही न लिहिता विचारलं, “आपल्या गावात कपडे शिवायचं दुकान कुणाचं आहे? तिथं मशीनवर कोण बसतं?” सगळ्यांनी उत्तर दिलं. दुकानात बसलेले ते काका सगळ्यांना माहीत होते. मग मी त्यांना थिमोनिए, हाव, सिंगर आणि बटरिक यांची नावं सांगितली. चौघेही पुरुष. “दुकानात पुरुषानं शिवलं तर तो कारागीर, आणि घरी लेकरासाठी शिवलं तर हसायचं? असं का बरं?” वर्ग गप्प झाला. मग मी प्रत्येकाला आपापल्या कपड्यांची खालची दुमड उलटून बघायला सांगितलं. बहुतेकांच्या दुमडीत अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापड नव्हतं. त्या मुलाच्या पँटमध्ये अजूनही एक बोट माया शिल्लक होती. म्हणजे पुढच्या जूनचीही सोय झालेली!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, हसणाऱ्यांपैकीच एकजण त्याच्याकडे आला. शर्टाचं बटण तुटलं होतं. “तुझ्या बाबांना लावता येईल का रे?” तो मुलगा म्हणाला, “बाबांना कशाला? मलाच येतं.”

मुलांनो, हे मी मुद्दाम सांगितलं. सुई-दोरा ना मुलींचा, ना मुलांचा. ज्याच्या शर्टाचं बटण तुटतं, त्याचा! इंग्लंडमध्ये २०१३ साली हौशी शिवणाऱ्यांची एक स्पर्धा टीव्हीवर सुरू झाली. तिच्यात स्त्रियांबरोबर पुरुषही उतरतात. आणि पहिल्याच वर्षी ती कुणी जिंकली असेल? ८१ वर्षांच्या एका आजींनी!

आता तुम्ही एक शंका काढाल. “बाजारात इतके छान, स्वस्त कपडे मिळतात. मग घरी कशाला शिवायचं?” शंका रास्त आहे. खरं सांगायचं तर घरी शिवलेलं दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. कापड, दोरा, बटणं, अस्तर आणि तुमचे चार तास! पण बाजारातला कपडा कुणासाठी शिवलेला असतो? अमुक छातीचा, तमुक उंचीचा, एक अंदाजे धरलेला माणूस. त्याला कुणी पाहिलेलं नसतं. घरी शिवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र एकच माणूस असतो. आजोबांचा खांदा दुखतो, डोक्यावरून सदरा घालता येत नाही, म्हणून त्यांना पुढून पूर्ण उघडणारा सदरा. ताईचा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून एक बाही रुंद आणि तिला बंद. छोटीला टॅग टोचतो, म्हणून मानेपाशी काहीच नको. हे कोणता कारखाना करणार? माप घेताना दंड, मनगट, कंबर मोजता मोजता त्या माणसाचा विचार होतो. माया पट्टीत मोजली तर अर्धा इंच. पण ती ठेवताना, ‘हे लेकरू वाढणार आहे’ हे कुणीतरी मनात धरलेलं असतं.

म्हणून हौशी शिवणारी माणसं दमत नाहीत. चुकलं तर उसवतात आणि पुन्हा शिवतात. टाका उसवता येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

चला तर मग, तुम्हीही सुरुवात करा. पहिल्या दिवशी फक्त धावदोरा: सुई खाली-वर, खाली-वर, सारख्या अंतरावर टाके. वहीच्या रेघांसारखी सरळ रेघ येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी बटण. आणि मग एक पिशवी. आपल्या राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा ती बाजारात जाताना लगेच कामाला येईल.

जुन्या चादरीचा किंवा ओढणीचा चांगला भाग घ्या आणि ३२ इंच लांब, १४ इंच रुंद असा तुकडा कापा. आखूड बाजूंच्या कडा आत दुमडून शिवा. हे झालं पिशवीचं तोंड. आता सुलटी बाजू आत ठेवून लांबीच्या मधोमध घडी घाला. दोन्ही बगला कडेपासून अर्धा इंच आत शिवा. एक टाका पुढे गेला की सुई थोडी मागे आणून पुढचा टाका घाला, म्हणजे शिवण मशीनच्या टिपेसारखी पक्की होईल. बंदांसाठी ४ इंच रुंद आणि २० इंच लांब अशा दोन पट्ट्या कापा. दोन्ही कडा मध्यावर आणून दुमडा, पुन्हा मधोमध दुमडा, शिवा. इंचभर रुंद बंद तयार! ते तोंडाच्या आत नीट, दोन-तीनदा शिवून टाका. आता पिशवी सुलटी करा.

आणि हे गणित सोडवा: कापड १४ इंच रुंद होतं, मग पिशवी १३ इंचच का भरली? उरलेला एक इंच गेला कुठे? उत्तर तुम्हाला आता माहीत आहे.

दोन सूचना. बसताना सुया मोजून घ्या, उठताना पुन्हा मोजा. आणि मशीनला मोठ्यांच्या सोबतीशिवाय हात लावायचा नाही. सुईखाली बोट यायला क्षणही लागत नाही.

आता दोन शब्द पालकांशी. तुमच्या मुलानं सुई मागितली तर “तुला काय करायचंय?” म्हणू नका. आणि मुलीला नको असेल, तर केवळ ती मुलगी आहे म्हणून बळेच बसवू नका. पहिली पिशवी वाकडीतिकडी होईल. तरी ती घेऊन भाजीला जा. बंद तुटला, तर पुन्हा कसा शिवायचा ते मूल स्वतःच शोधून काढेल.

येत्या रविवारी घरात किंवा शेजारी कोण शिवतं ते शोधा. त्यांना विचारा: तुम्ही पहिल्यांदा काय शिवलंत, कुणासाठी शिवलंत आणि त्यात माया किती ठेवलीत? जी गोष्ट ऐकायला मिळेल, ती अर्ध्या पानात लिहा आणि वर्गात सर्वांना वाचून दाखवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!